पहिला ‘अलर्ट’ देणारा कॅप्टन

मागच्या जुलैतली गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास फोनवर मेसेज आला: उद्या रेड अलर्ट, कॉलेजला सुट्टी. आमच्या ग्रुपवर लगेच नाचणाऱ्या स्टिकर्सचा पाऊस. दुसऱ्या दिवशी खरा पाऊस मात्र आलाच नाही. दुपारी तर चक्क ऊन पडलं. मग काय, अलर्ट देणाऱ्यांवर मीम्स सुरू. त्यातलं एक मीही पुढे पाठवलं, हे आधीच कबूल करते.

त्याच आठवड्यात वर्गात आपत्तीच्या बातम्या कशा करायच्या, हा विषय सुरू झाला. सरकार लोकांना वादळाचा इशारा देतं, ही पद्धत मुळात कुठून आली ते शोधा, अशी असाइनमेंट मिळाली. शोधता शोधता मी एका माणसापाशी पोहोचले आणि तिथेच अडकले. त्याचं नाव रॉबर्ट फिट्झरॉय. त्याच्यावरही लोक असेच हसले होते. फक्त तेव्हा मीम्स नव्हती, पेपरातले अग्रलेख होते.

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी हे नाव डार्विनच्या धड्यात ओझरतं वाचलेलं असतं. डार्विन ज्या ‘बीगल’ जहाजातून जगप्रवासाला गेला, त्या जहाजाचा कॅप्टन. बस, एवढीच ओळख. पण आज वादळाआधी बंदरात बावटा चढतो, मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका असं सांगितलं जातं, त्याची सुरुवात या माणसाच्या टेबलावर झाली.

तेविसाव्या वर्षी कॅप्टन

फिट्झरॉयचा जन्म ५ जुलै १८०५ चा, इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातला. घराणं एकदम बडं. थेट राजा दुसऱ्या चार्ल्सच्या वंशातलं. आई तो लहान असतानाच गेली. बाराव्या वर्षी तो पोर्ट्समथच्या नौदल कॉलेजात दाखल झाला. अभ्यासात इतका हुशार की लेफ्टनंटच्या परीक्षेत त्यानं पैकीच्या पैकी मार्क मिळवले. त्याआधी ते कुणालाच जमलं नव्हतं.

१८२८ मध्ये ‘बीगल’ दक्षिण अमेरिकेच्या टोकाला किनाऱ्याचे नकाशे काढत होतं. थंडी, वादळं आणि एकटेपणा यांनी खचून त्याच्या कॅप्टननं आत्महत्या केली. त्या जागी नेमणूक झाली ती फिट्झरॉयची. वय अवघं २३. आपल्याकडे त्या वयात पोरं पहिल्या नोकरीच्या मुलाखती देत असतात!

सूत्रं हातात घेऊन जेमतेम दीड महिना झाला होता. ३० जानेवारी १८२९ रोजी प्लेट नदीच्या मुखाजवळ जहाजावर अचानक वादळ आलं. तिथल्या मैदानांवरून सुटणाऱ्या या भयंकर वाऱ्याला ‘पांपेरो’ म्हणतात. जहाज एका अंगावर आडवं झालं. ते कसंबसं सावरलं, पण दोन खलाशी बुडाले.

वादळाआधी बॅरोमीटरचा पारा खाली आला होता. म्हणजे हवेचा दाब कमी झाला होता. यंत्र सांगत होतं, पण नव्या कॅप्टननं ते वेळेवर मनावर घेतलं नाही. त्या दोन माणसांचं ओझं त्यानं पुढे आयुष्यभर वागवलं. यानंतर बॅरोमीटर बघितल्याशिवाय त्याचा दिवस जात नसे.

डार्विनचा जहाजसोबती

दुसऱ्या सफरीला ‘बीगल’ निघालं ते २७ डिसेंबर १८३१ रोजी. या वेळी फिट्झरॉयला सोबत हवी होती. आधीच्या कॅप्टनचं काय झालं ते त्यानं पाहिलं होतं. शिवाय त्याचे मामा लॉर्ड कॅसलरे, म्हणजे ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री, यांनीही १८२२ मध्ये आत्महत्या केली होती. आपल्याही रक्तात हेच असेल का, ही भीती त्याच्या मनात होती. त्यामुळे बोलायला, जेवायला बरोबरीचा माणूस असावा म्हणून त्यानं चार्ल्स डार्विन नावाच्या २२ वर्षांच्या पोराला बरोबर घेतलं. गंमत म्हणजे नाकाच्या ठेवणीवरून माणसाचा स्वभाव कळतो, असं त्याला वाटायचं. डार्विनचं नाक बघून तो त्याला जवळजवळ नकारच देणार होता!

जवळपास पाच वर्षांची ही सफर. डार्विननं तिथे काय पाहिलं ते जगाला माहीत आहे. फिट्झरॉयनं काय केलं ते कमी लोकांना माहीत आहे. त्यानं जहाजावर वेळ मोजायची २२ घड्याळं नेली होती, कारण वेळ अचूक कळली तरच नकाशा अचूक निघतो. वाऱ्याचा जोर मोजायची ब्यूफोर्टची श्रेणी या सफरीत रोजच्या नोंदींसाठी वापरली गेली. वारा, दाब, ढग, सगळं रोज वहीत. सरकारी पैसा कमी पडला तिथे त्यानं स्वतःच्या खिशातून खर्च केला, मदतीला दुसरं जहाजही विकत घेतलं. नौदलानं ते पैसे त्याला परत दिले नाहीत.

त्याचं सगळंच बरोबर होतं असं नाही. पहिल्या सफरीत एक होडी चोरीला गेल्यावर त्यानं टिएरा डेल फ्युएगोच्या स्थानिक लोकांपैकी काहींना ओलीस धरलं. शेवटी चौघांना तो ‘सुधारायला’ म्हणून इंग्लंडला घेऊन गेला. त्यातला एक देवीच्या रोगानं तिथेच मेला. उरलेल्या तिघांना त्यानं दुसऱ्या सफरीत परत नेऊन सोडलं. आज आपण याला सरळ अपहरण म्हणू.

पुढे तो खासदार झाला, मग १८४३ मध्ये न्यूझीलंडचा गव्हर्नर. तिथे वाइराऊमध्ये जमिनीवरून गोरे वसाहतवाले आणि माओरी यांच्यात रक्तपात झाला होता. चूक गोऱ्यांची आहे, असा निकाल फिट्झरॉयनं दिला. गोरे अर्थातच खवळले. सरकारी तिजोरीत खडखडाट होताच. दोन वर्षांत त्याला परत बोलावण्यात आलं. १८५० मध्ये नौदलातली प्रत्यक्ष सेवाही संपली, १८५२ मध्ये पत्नी गेली. पंचेचाळिशी ओलांडलेला, खिसा हलका झालेला आणि हाताला काम नसलेला माणूस.

फक्त नोंदी गोळा करायचं खातं

१८५३ मध्ये ब्रसेल्सला एक परिषद झाली. अमेरिकी नौदलातल्या मॅथ्यू मॉरी या अधिकाऱ्याची कल्पना अशी, की प्रत्येक देशाच्या जहाजांनी समुद्रावरच्या हवेच्या नोंदी एकाच पद्धतीनं ठेवाव्यात आणि एकमेकांना द्याव्यात. आजच्या भाषेत सांगायचं तर डेटा शेअरिंग. ब्रिटननं त्यासाठी १८५४ मध्ये व्यापार मंडळाच्या हाताखाली एक छोटंसं हवामान खातं उघडलं. त्याचा प्रमुख म्हणून फिट्झरॉयला नेमलं. हाताखाली माणसं तीन.

काम काय? जहाजांना यंत्रं द्यायची, त्यांच्या वह्या जमा करायच्या, आकडेवारी लावायची. एवढंच. उद्या काय होणार ते सांगणं या कामात नव्हतंच. तेव्हा हवेबद्दल आधी काही सांगणं म्हणजे पंचांगवाल्यांचा धंदा मानला जायचा. सरकारी माणसानं त्यात पडायचं नाही.

फिट्झरॉयच्या डोक्यात मात्र ते दोन खलाशी होते. त्यानं गरीब मच्छीमारांच्या गावांत सार्वजनिक बॅरोमीटर बसवायला सुरुवात केली. बंदरावर जायच्या वाटेवर, सगळ्यांना दिसेल असे. सोबत पारा चढला-उतरला तर काय समजायचं याच्या साध्या सूचना. होडी काढायच्या आधी प्रत्येकानं तिथे डोकावायचं.

‘रॉयल चार्टर’ची रात्र

२५ ऑक्टोबर १८५९. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नहून ‘रॉयल चार्टर’ नावाचं वाफेचं जहाज लिव्हरपूलला चाललं होतं. त्यावर सोन्याच्या खाणींत नशीब काढून घरी परतणारी माणसं होती. घर काही तासांवर आलेलं असताना वेल्सजवळच्या अँगलसी बेटापाशी वादळानं जहाजाला गाठलं. २६ तारखेच्या पहाटे ते खडकांवर आपटून फुटलं. किनारा अगदी डोळ्यांसमोर होता, तरी चारशेहून जास्त माणसं गेली. त्या एका वादळात ब्रिटनच्या किनाऱ्यांवर १३३ जहाजं बुडाली आणि सुमारे ८०० माणसं मेली.

फिट्झरॉयनं या वादळाच्या सगळ्या नोंदी मागवल्या. दीपगृहांच्या, जहाजांच्या, बंदरांच्या. कुठे किती वाजता दाब किती, वारा कुठून, हे त्यानं नकाशांवर मांडलं. चित्र स्पष्ट होतं. वादळ सगळीकडे एकाच वेळी आलं नव्हतं. आधी दक्षिणेच्या किनाऱ्याला झोडपून मग ते उत्तरेकडे सरकलं होतं. मध्ये काही तास होते.

आणि तेव्हा देशभर तारा पोहोचल्या होत्या. वादळ ताशी काही मैलांनी सरकतं, तारेला काही मिनिटं पुरतात. दक्षिणेतून कुणी लंडनला तार केली असती आणि लंडननं उत्तरेच्या बंदरांना, तर निदान काही जहाजं नांगर टाकून सुरक्षित जागी थांबली असती. माहिती होती, तारा होत्या. मधे बसून दोन्ही जोडणारं कुणी नव्हतं.

ती जागा त्यानं मागून घेतली. १८६० च्या उन्हाळ्यात तो ऑक्सफर्डला वादळांवरचा निबंध वाचायला गेला होता. तिथे त्याच सुमाराला उत्क्रांतीवरचा तो गाजलेला वाद झाला. धार्मिक वृत्तीचा फिट्झरॉय सभेत बायबल हातात धरून आपल्या जुन्या सोबत्याच्या सिद्धांताला विरोध करत उभा राहिला. लोकांना त्याचं तेवढंच लक्षात राहिलं. वादळांचा निबंध बाजूलाच पडला.

शंकू आणि पिंप

त्याची पद्धत अशी होती. किनाऱ्यावरची पंधरा ठिकाणं निवडली. तिथून रोज सकाळी हवेचा दाब, तापमान, वाऱ्याची दिशा, जोर यांचे आकडे तारेनं लंडनला यायचे. फिट्झरॉय आणि त्याचे सहायक ते नकाशावर मांडायचे. कुठे वादळ तयार होतंय असं दिसलं की धोक्यातल्या बंदरांना उलटी तार.

पण तार बंदराच्या ऑफिसात आली म्हणून होडीवाल्याला कशी कळणार? त्याला वाचता येत असेलच असं नाही. म्हणून त्यानं खुणा ठरवल्या. किनाऱ्यावर उंच खांब आणि त्यावर कॅनव्हासचे मोठे काळे आकार. शंकू टोक वर करून लावला तर वादळ उत्तरेकडून, टोक खाली असेल तर दक्षिणेकडून. पिंपासारखा आकार म्हणजे वाऱ्याची दिशा बदलत राहणार, एकामागून एक तडाखे बसणार. शंकू आणि पिंप दोन्ही असतील तर फार मोठा धोका. रात्री तेच आकार कंदिलांनी मांडायचे. लांबून, न वाचता, एका नजरेत कळणारं. आपल्या फोनवरचे पिवळा, नारंगी, लाल हे रंग तरी याहून वेगळं काय करतात?

पहिला वादळाचा इशारा फेब्रुवारी १८६१ मध्ये निघाला. सरकारनं आकडेवारीच्या आधारे वादळाच्या आधी लोकांना सावध करायचं, हे त्या देशात पहिल्यांदाच घडत होतं.

रोज नकाशे काढतोच आहोत, तर सामान्य लोकांनाही उद्याची हवा सांगू, असं त्याला वाटलं. १ ऑगस्ट १८६१ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पुढच्या दोन दिवसांचा अंदाज छापून आला. पेपरात हवामानाचा अंदाज येण्याची ही सुरुवात. हवेबद्दल ‘फोरकास्ट’ हा शब्दही त्यानंच रूढ केला. भविष्य किंवा भाकीत म्हटलं की ज्योतिष वाटतं. आपण मांडतोय तो नोंदींवरून काढलेला अंदाज आहे, एवढं त्याला त्या शब्दातून सांगायचं होतं.

आणि मग लोक हसायला लागले

अंदाज चुकायचे. चुकणारच होते. अटलांटिक महासागरावरून येणाऱ्या हवेची तिथे बसून काहीच बातमी मिळत नव्हती. उपग्रह नाही, रडार नाही, कॉम्प्युटर नाही. पंधरा ठिकाणांचे आकडे आणि एका माणसाचा समुद्रावरचा अनुभव, एवढ्यावर सगळं चाललेलं.

पेपर वाचून लोक छत्री घेऊन निघायचे आणि ऊन पडायचं. ज्या ‘टाइम्स’मध्ये अंदाज छापला जायचा, त्याच ‘टाइम्स’नं त्याची टिंगल केली. काही शास्त्रज्ञांचं म्हणणं पडलं, की यामागे पक्का सिद्धांत नाही, हा नुसता अनुभवाचा अंदाज आहे. तारांवर एवढा सरकारी पैसा का घालवता, हाही प्रश्न आला. इशारा लागला की होड्या बंदरातच राहायच्या आणि त्या दिवसाची मासळी बुडायची. त्यामुळे काही बोटमालकही नाराज होते.

फिट्झरॉय प्रत्येक टीकेला उत्तर देत बसायचा. १८६३ मध्ये त्यानं हवामानावर सामान्य माणसाला समजेल असं जाडजूड पुस्तकही काढलं. पण तब्येत साथ देईना. ऐकू कमी यायला लागलं, थकवा जाईना, घरचा पैसा संपत आला. बढतीची एक जागा त्याच्याच हाताखाली ‘बीगल’वर काम केलेल्या अधिकाऱ्याला मिळाली, तेही मनाला लागलं होतं.

३० एप्रिल १८६५, रविवारची सकाळ. फिट्झरॉयनं स्वतःचं आयुष्य संपवलं. वय ५९. कसं, ते इथे लिहीत नाही. अशा बातमीत पद्धत सांगायची नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. एका टीकेमुळे किंवा एका चुकलेल्या अंदाजामुळे हे झालं, असं म्हणणंही बरोबर नाही. निराशेचा आजार त्याच्या मागे फार आधीपासून होता. (तुम्हाला किंवा तुमच्या मित्रमैत्रिणीला असं काही जाणवत असेल तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या नंबरवर फोन करा. फोन मोफत आहे.)

घरच्यांसाठी मागे जवळपास काहीच उरलं नव्हतं. मित्रांनी निधी उभा केला. त्यात डार्विननं १०० पौंड दिले.

बंद केलं, आणि परत सुरू करावं लागलं

मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती याच्या पुढची गोष्ट.

तो गेल्यावर सरकारनं त्याच्या खात्याची चौकशी करायला समिती नेमली. प्रमुख होते फ्रान्सिस गाल्टन, डार्विनच्या नात्यातले, आकडेशास्त्रातलं मोठं नाव. समितीचा सूर असा, की अंदाजांना शास्त्रीय पाया नाही. १८६६ मध्ये रोजचे अंदाज तर बंद झालेच, वादळाचे इशारेही बंद झाले. खांबांवरचे शंकू उतरले.

त्यानंतर ओरड सुरू झाली ती समुद्रावर पोट असणाऱ्यांकडून. बंदरांतून, खलाशांकडून, मच्छीमारांकडून मागणी यायला लागली, की आमचे इशारे आम्हाला परत द्या. दहातले काही चुकतात हे त्यांना शास्त्रज्ञांपेक्षा जास्त माहीत होतं, कारण चुकलेल्या दिवसाची मासळी त्यांचीच बुडायची. पण एक दिवस रिकामा गेला तर दुसऱ्या दिवशी भरून काढता येतो. वादळात सापडलेली होडी परत येत नाही. हा हिशोब त्यांना कुणी शिकवावा लागला नाही.

१८६७ मध्ये वादळाचे इशारे पुन्हा सुरू झाले. पेपरातले रोजचे अंदाज परतायला १८७९ उजाडलं.

आपल्या किनाऱ्यावर

फिट्झरॉय गेला त्याच्या काही महिने आधी, ५ ऑक्टोबर १८६४ रोजी, कोलकात्याला चक्रीवादळानं झोडपलं आणि सुमारे ६० हजार माणसं गेली. त्यानंतर १८६५ मध्ये कोलकाता बंदरासाठी वादळाच्या इशाऱ्यांची सोय झाली. दहा वर्षांनी, १८७५ मध्ये, देशाचं हवामान खातं सुरू झालं. आपल्या बंदरांत आजही दिवसा शंकू आणि नळकांड्याचे आकार, रात्री लाल-पांढरे दिवे, अशीच पद्धत आहे. कोकणात पावसाळ्यात तीन नंबरचा बावटा लागल्याची बातमी आपण दरवर्षी वाचतो. तो बावटा त्या कॅनव्हासच्या शंकूचाच नातलग.

इशारा नुसता देऊन भागत नाही, हेही आपण पाहिलंय. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात जवळपास १० हजार माणसं गेली. त्यानंतर तिथे निवारे बांधले गेले, गावोगावी निरोप पोहोचवायची साखळी तयार झाली. २०१३ मध्ये ‘फायलिन’ आलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलवलं गेलं आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. याच्या उलट मे २०२१ मधलं ‘तौक्ते’. इशारा काही दिवस आधीच निघाला होता. तरी मुंबईजवळच्या समुद्रात माणसं भरलेला एक तराफा तसाच राहिला आणि बुडाला. कितीतरी कामगार घरी परतले नाहीत. तिथे यंत्र चुकलं नव्हतं. बॅरोमीटर खाली आलेला असताना तरुण कॅप्टननं केली, तीच चूक पुन्हा झाली.

इंग्लंडनं फिट्झरॉयची आठवण बऱ्याच उशिरा ठेवली. २००२ मध्ये समुद्रावरच्या हवामान वार्तापत्रातल्या एका भागाला त्याचं नाव दिलं. जहाजांसाठी अंदाज वाचला जातो तेव्हा त्याचं नाव आता रोज घेतलं जातं. एक्सेटरमध्ये ब्रिटिश हवामान खात्याचं मुख्यालय आहे, तो रस्ताही त्याच्याच नावाचा.

असाइनमेंट सबमिट करून झाली. या जूनमध्ये पुन्हा अलर्ट येतील, त्यातले काही कोरडे जातील आणि ग्रुपवर मीम्सही येतील. हसायला माझी ना नाही. फक्त एक करू या. ज्या दिवशी अलर्ट आहे, त्या दिवशी नाल्याकाठी, खाडीकाठी किंवा किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्या ओळखीच्या एका माणसाला फोन करून विचारू, की तुम्हाला कळलंय ना? ऊन पडलं तर पडलं.